जीवामृताने खरंच फरक पडतो का? सहा गुंठ्यांत स्वतः तपासा

जीवामृत दिलं आणि सोयाबीन जोमदार आलं, एवढ्यावरून काहीच ठरत नाही. जीवामृत देणारा शेतकरी बहुतेक वेळा त्याच रानात शेणखतही टाकतो. मग श्रेय कुणाचं? 200 लिटर जीवामृतात 10 किलो शेण, 5 ते 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती असते. त्यातून एकराला मिळणारं नत्र ग्रॅमांतच मोजावं लागेल. म्हणजे फायदा असेलच तर तो सूक्ष्मजीवांमुळे, खतामुळे नव्हे. म्हणून शेणखत सगळ्या वाफ्यांना सारखंच, वजन करून द्या. फरक फक्त जीवामृताचा ठेवा.

वाफा 10 ओळींचा, 10 मीटर लांब. 45 सेंटिमीटर अंतराने पेरलं की रुंदी साडेचार मीटर भरते. असे 12 वाफे, म्हणजे शेजारी-शेजारी दोन-दोनच्या 6 जोड्या. वाटा धरून सहा गुंठे पुरतात. उतार असेल तर जोडीतले दोन्ही वाफे एकाच उंचीवर यायला हवेत. एक वर आणि एक खाली आला, तर खालच्याला वाहून आलेली माती मिळते आणि जीवामृताचं नाव होतं. लिंबाच्या सावलीतली, बांधालगतची आणि जुन्या उकिरड्याची जागा सोडा.

कुठल्या वाफ्याला जीवामृत द्यायचं ते प्रत्येक जोडीसाठी नाणं उडवून ठरवा. हे पोरखेळासारखं वाटतं, पण स्वतः निवडायला गेलं की हात आपोआप चांगल्या वाफ्याकडे वळतो. इंग्लंडच्या रोथॅमस्टेड शेती संशोधन केंद्रात 1919 साली रुजू झालेले संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी शेतीच्या प्रयोगांत ही पद्धत रुजवली ती याच कारणासाठी. खुंट्यांवर फक्त आकडे लिहा. कुठला आकडा कशाचा, ते वहीत.

एकरी 200 लिटरच्या हिशोबाने एका वाफ्याला सव्वादोन लिटर जीवामृत येतं. जमिनीत ओल असताना द्या. जोडीच्या दुसऱ्या वाफ्याला तेवढंच साधं पाणी, त्याच दिवशी. हे पाणी हमखास विसरलं जातं, आणि पावसाने ताण दिलेल्या वर्षी मग नुसत्या पाण्याचा फरक जीवामृताच्या खात्यावर जमा होतो. वाण, बीजप्रक्रिया, कोळपणी, निंबोळी अर्काची फवारणी हे सगळं बाराही वाफ्यांत सारखं आणि एकाच दिवशी.

काढणीला दोन्ही कडांच्या दोन-दोन ओळी आणि दोन्ही टोकांचा एक-एक मीटर बाजूला काढा. कडेच्या झाडांना ऊन जास्त मिळतं, शिवाय शेजारच्या वाफ्यातलं जीवामृत किंवा पाणी त्यांच्या मुळाशी येतं. उरलेल्या 6 ओळी, 8 मीटर, म्हणजे 21.6 चौरस मीटर. प्रत्येक वाफ्याची मळणी वेगळी करा, दाणे सारखे वाळवा आणि 10 ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर तोला. किलोला 187 ने गुणलं की एकरी किलो मिळतात: 4.3 किलो म्हणजे साधारण 8 क्विंटल. एका वाफ्याचे दाणे 14 टक्के ओलाव्यावर आणि दुसऱ्याचे 10 टक्क्यांवर तोलले, तर क्विंटलमागे चार किलोंहून जास्त खोटा फरक दिसतो. तोलणाऱ्याला कुठला वाफा कशाचा ते माहीत नसलेलंच बरं.

आता जोडीनिहाय वजाबाकी करा. सहाही जोड्यांत जीवामृताचा वाफा सरस निघाला, तर त्यात दम आहे. नुसत्या योगायोगाने सहाही जोड्या एकाच बाजूला झुकणं 32 वेळांत एकदा घडतं. पाच विरुद्ध एक, किंवा त्याहून एकतर्फी निकाल मात्र योगायोगानेही पाचांत एकदाहून जास्त वेळा येतो. म्हणून चारच जोड्यांवर भागवू नका. फरक निघाला तर गूळ-बेसनाचा खर्च आणि मजुरी वजा करून बघा. बऱ्याचदा खरा निकाल तिथे लागतो.

सोयाबीन स्वतःच हवेतलं नत्र धरतं, त्यामुळे फरक झाकला जाऊ शकतो. पुढच्या हंगामात त्याच खुंट्यांवर ज्वारी घ्या. सेंद्रिय कर्ब एका हंगामात हलत नाही, तेव्हा माती तपासणीवर दरवर्षी पैसे घालू नका; सुरुवातीला एकदा आणि तीन वर्षांनी एकदा पुरे. स्वित्झर्लंडमधल्या डॉक प्रयोगात 1978 पासून सेंद्रिय आणि रासायनिक वाफे शेजारी-शेजारी आहेत. पहिल्या 21 वर्षांत सेंद्रिय उत्पादन सुमारे 20 टक्क्यांनी कमी भरलं, पण खत आणि ऊर्जा 34 ते 53 टक्क्यांनी कमी लागली. हे दोन्ही आकडे सोबतच छापले गेले. तुमच्या वहीतही हरलेल्या जोड्या खोडू नका.