बायकांमधल्या एचआयव्हीचा नकाशा बनवताय? या चुका टाळा

पहिली चूक नुसत्या आकड्यांना रंग द्यायची. पेशंट्सची संख्या टाकली की महाराष्ट्र लालभडक दिसतो, टक्केवारी टाकली की मिझोराम, नागालँड, मणिपूर वर येतात. दोन्ही खरंच आहे, पण औषधं किती लागतील ते संख्येवरून कळतं आणि लागण किती पसरलीय ते टक्केवारीवरून, त्यामुळे काय दाखवलंय ते ठळक लिहा.

सेंटिनल सर्व्हेचा, म्हणजे ठरलेल्या केंद्रांवर फेऱ्याफेऱ्यांनी होणाऱ्या सरकारी एचआयव्ही पाहणीचा, डेटा तर फार जपून वापरा. एका केंद्रावर 400 गरोदर बायकांचे नमुने घेतात, म्हणजे एक पॉझिटिव्ह आली की 0.25 टक्के, चार आल्या की 1 टक्का. आता एका फेरीत एक आणि पुढच्या फेरीत तीन आल्या की नकाशात तिप्पट वाढ दिसते आणि लोक घाबरतात, खरं तर फरक दोन बायकांचा! दोन-तीन फेऱ्या एकत्र करून बघा. आणि या फक्त गरोदर बायका आहेत, नवरा वारलेल्या, मुलं मोठी झालेल्या बायका यात येतच नाहीत.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते पत्त्याचं. टेस्ट झाली ते गाव तिचं असेलच असं नाही ना! पहिलं बाळंतपण माहेरी, बीडची ऊसतोड करणारी बाई हंगामात सांगली-कोल्हापूरच्या फडावर, आणि ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून शेजारच्या जिल्ह्यातल्या एआरटी (एचआयव्हीवरचे औषधोपचार) सेंटरवरून गोळ्या आणणाऱ्याही आहेत. सेंटरचा पत्ता धरून रंगवलं की मोठं सरकारी हॉस्पिटल असलेला जिल्हा उगाच बदनाम होतो आणि जिथे तपासणीच होत नाही तो तालुका पांढराशुभ्र. डेटा नाही तिथे राखाडी रंग द्या, शून्याचा नको.

रंग वर्षानुवर्षं गडद राहिला म्हणजे लागण वाढतेय असंही नाही, एआरटीमुळे बायका जास्त जगतायत, ही चांगली गोष्ट आहे.

पालघरचा डेटा गायब होतोय? शेपफाइल (जिल्ह्यांच्या सीमांची नकाशा-फाइल) 2011च्या जनगणनेची असणार, पालघर 2014 ला ठाण्यातून वेगळा झाला. धाराशिव, अहिल्यानगर जुळत नसतील तर नावाऐवजी जिल्ह्याच्या कोडने जोडा.

आणि गावपातळीवर ठिपके अजिबात नकोत. संमतीशिवाय कोणाचं एचआयव्ही स्टेटस उघड करायला 2017च्या कायद्यानेच बंदी आहे. छोट्या वाडीत एक ठिपका दिसला की ती बाई कोण हे सगळ्यांना लगेच कळतं, मग सासरचे घराबाहेर काढणार, पोरांना शाळेत त्रास. केसेस अगदी कमी असतील तर शेजारचा तालुका जोडून दाखवा, आणि नकाशा बाहेर द्यायच्या आधी तिथल्या आयसीटीसीच्या (एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्राच्या) समुपदेशक ताईंना दाखवा, यातून कोण ओळखू येईल ते त्या लगेच सांगतात.