अळूच्या फदफद्याने घसा खाजू नये म्हणून

ठाण्याच्या जांभळी नाक्यावरून आणलेल्या अळूचे फदफदे मी या श्रावणात दोनदा केले आणि दोन्ही वेळा घरातल्या सर्वांचा घसा खाजला. अळूच्या पानांत व देठांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात, आणि मी पाने जेमतेम वाफवून चिंच अगदी शेवटी, तीही बेताचीच, घालत होते. तिसऱ्या वेळी हाताला तेल लावून देठ सोलले, बारीक चिरलेली पाने भिजवलेल्या चणाडाळ-शेंगदाण्यांसह कुकरमध्ये ४ शिट्ट्या होईपर्यंत शिजवली, घोटली, डाळीचे पीठ लावले आणि चिंचेचा कोळ, गूळ, गोडा मसाला घालून १५ मिनिटे उकळली. चिंचेत काटकसर करूच नये, असे माझे मत आहे. वरून मेथीदाणे, हिंग व सुक्या मिरचीची फोडणी दिली. सासूबाईंनी फदफदे दुसऱ्यांदा वाढून घेतले.