रक्तदाबाचे लक्ष्य ठरवताना या चुका टाळा

पहिली चूक लक्ष्य ठरण्याआधीच, रक्तदाब मोजताना होते. उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवरील २०१५ च्या ‘स्प्रिंट’ या वैद्यकीय चाचणीत वरचा दाब १४० ऐवजी १२० च्या खाली आणण्याचे लक्ष्य ठेवलेल्या गटात हृदयविकार, पक्षाघात यांसारख्या घटना सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाल्या, हे अनेकांना ठाऊक असते. परंतु तेथे रुग्णाला पाच मिनिटे शांत बसवून, स्वयंचलित यंत्राने घेतलेल्या नोंदींची सरासरी धरली होती, हे सहसा विसरले जाते. नुकताच जिना चढून आलेल्या, बोलत बसलेल्या रुग्णाच्या जाड दंडावर अपुरा पट्टा शर्टाच्या बाहीवरूनच गुंडाळून १३८ मिळाले, तर त्या आकड्याची तुलना तेथील १२० शी करता येत नाही आणि त्यावरून गोळी वाढवणे तर मुळीच योग्य नाही. घरी मोजलेला १३५/८५ हा दाब दवाखान्यातील १४०/९० च्या तोडीचा मानतात, हेही ध्यानात ठेवावे.

सर्वांना एकच आकडा लावणे ही दुसरी चूक. ‘स्प्रिंट’मध्ये मधुमेही आणि पक्षाघात होऊन गेलेले रुग्ण घेतलेच नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सर्वसाधारण रुग्णासाठी १४०/९० च्या खाली आणि हृदयविकार असलेल्यांसाठी वरचा दाब १३० च्या खाली, असे लक्ष्य सुचवले. युरोपच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत १२० ते १२९ आहे, पण ‘सोसत असेल तर’ या अटीसह. माझ्या मते आकड्याइतकेच वजन या अटीला आहे.

वृद्धांच्या बाबतीत चुका दोन टोकांच्या होतात. ‘वयानुसार दाब वाढायचाच’ म्हणून उपचार टाळणे चुकीचे, कारण २००८ च्या ‘हायव्हेट’ चाचणीत ऐंशी वर्षांवरील रुग्णांनाही उपचाराचा स्पष्ट लाभ झाला, मात्र तेथील लक्ष्य १५०/८० होते. उलट, उभे राहिल्यावरचा दाब न पाहता औषध वाढवत नेणेही धोक्याचे. समजा, बसलेले असताना १४६ असलेला दाब उभे राहिल्यावर तिसऱ्या मिनिटाला ११८ वर आला, तर तो रुग्ण रात्री लघवीला उठताना तोल जाऊन पडू शकतो. ‘स्प्रिंट’मधील १२० चे कडक लक्ष्य ठेवलेल्या गटातही दाब फार उतरणे, शुद्ध हरपणे आणि मूत्रपिंडाला इजा होणे अधिक आढळले होते.

लक्ष्य गाठले जात नसेल, तर औषध वाढवण्याआधी डॉक्टरांनी चुकलेल्या गोळ्या, जेवणातील मीठ आणि सांधेदुखीसाठी परस्पर घेतल्या जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्या यांची चौकशी करावी. या शेवटच्या गोळ्यांविषयी रुग्ण विचारल्याशिवाय बहुधा सांगत नाहीत.