क्लेमॅटिस लावताय? आधी मातीखालचं बघा

क्लेमॅटिस ही फुलवेल, आणि माझी पहिली क्लेमॅटिस 'नेली मोझर' जातीची होती. फिकट गुलाबी फूल, प्रत्येक पाकळीच्या मधोमध गडद पट्टा. फ्रान्समध्ये १८९७ साली तयार झालेली ही जात अजूनही हौसेने लावली जाते. माझ्या वेलीवर अकरा कळ्या आल्या होत्या, रोज मोजायचे. एका सकाळी बघते तर सगळी वेल माना टाकून उभी. माती ओली होती, तरी घाबरून मी आणखी पाणी घातलं. चार दिवसांत खोडं काळी पडली. मी ती जमिनीलगत कापली आणि कुंडी कोपऱ्यात सरकवून दिली.

दोनेक महिन्यांनी माती वापरायला म्हणून कुंडी उकरली, तर चार बोटं खाली, जुन्या खोडाच्या बुडाशी, काडेपेटीच्या काडीएवढे दोन हस्तिदंती कोंब. वेल मेलेलीच नव्हती. तेव्हापासून क्लेमॅटिस म्हटलं की मी आधी मातीखालचा भाग बघते. वरचं सगळं पुन्हा फुटू शकतं, बुडाशी जिवंत डोळे, म्हणजे फुटीच्या जागा, असल्या म्हणजे झालं.

म्हणून लावताना पहिली गोष्ट: मोठ्या फुलांच्या संकरित जाती पिशवीत जितक्या खोल असतील त्यापेक्षा सहा ते आठ सेंटिमीटर जास्त खोल लावा. खोडाची एक-दोन पेरं मातीत गेली पाहिजेत. एरवी रोपाचं खोड असं गाडलं तर कुजेल म्हणून आपण जपतो, इथे मात्र गाडलेल्या पेरांतूनच नवे फुटवे येतात. मोंटाना किंवा अल्पिनासारख्या लवकर फुलणाऱ्या जातींना याची गरज नसते, त्या होत्या तेवढ्याच खोलीवर लावा.

जमिनीत लावायचं तर खड्डा निदान ४५ सेंटिमीटर रुंद आणि तेवढाच खोल घ्या. भिंतीच्या अगदी बुडाशी माती कायम कोरडी राहते, त्यामुळे खड्डा भिंतीपासून हातभर लांब ठेवा आणि रोप भिंतीकडे तिरकं लावा. लावण्याआधी रोप पिशवीसकट बादलीभर पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बुडवून ठेवते मी. मुळांचा गड्डा आतून कोरडा राहिला, तर नंतर वरून कितीही पाणी घाला, ते बाजूने निघून जातं. मातीत चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट मिसळा. ताजं शेण नको.

कुंडीचं गणितही तेच, फक्त जास्त काटेकोर. ४५ सेंटिमीटरपेक्षा लहान कुंडीत मोठ्या फुलांची वेल दोन वर्षंही समाधानाने राहत नाही. खोली रुंदीइतकीच महत्त्वाची. काळी पातळ प्लास्टिकची कुंडी उन्हात तापते आणि मुळं भाजतात, जाड आणि फिकट रंगाची घ्या. तळाला भोकं मोकळी हवीत, मी त्यांवर एकेक वाकडी खापरी ठेवते, बाकी थर घालत नाही.

'डोकं उन्हात, पाय सावलीत' असं या वेलीबद्दल सांगतात. माझ्या अनुभवात सावलीपेक्षा ओलावा महत्त्वाचा, सावली हा तो टिकवण्याचा एक मार्ग. बुडाशी पालापाचोळ्याचं आच्छादन घाला, पण खोडाभोवती तीन-चार बोटं जागा मोकळी सोडा. पुढ्यात उथळ मुळांची बुटकी झाडं लावली तरी काम होतं. कुंडीत बोट दुसऱ्या पेरापर्यंत घालून बघा, तिथे कोरडं लागलं की तळातून वाहेपर्यंत पाणी. रोज थोडं थोडं शिंपडू नका, त्याने मुळं वरच राहतात. ऊन साधारण सहा तास लागतं, मात्र कडक उन्हाच्या जागी सकाळचं ऊन आणि दुपारी आडोसा बरा. 'नेली मोझर'सारखी फिकट फुलं भर उन्हात दोन दिवसांत विटतात, अर्धसावलीत त्यांचा पट्टा ठसठशीत राहतो.

चढण्याच्या बाबतीत नवखे हमखास अडतात. या वेलीला द्राक्षासारखे ताणे नसतात, पानाचा देठच आधाराला वेढा घालतो. एकदा मुद्दाम बघत बसले होते. सकाळी एक देठ सुतळीला नुसता टेकला होता, दुसऱ्या दिवशी त्याने पूर्ण विळखा घातला होता आणि पान उलट्या अंगाला वळलं होतं. पण हा देठ छोटा. जाड बांबूभोवती तो पुरत नाही, वेल घसरून खाली गोळा होते. आधार पेन्सिलीहून बारीकच हवा: जाळी, तार, सुतळी. जाड खांब असेल तर त्याभोवती जाळी गुंडाळा. कोवळी फूट कडकन मोडते, म्हणून वळवायची तर रोज थोडी थोडी.

जात निवडताना, पहिलीच वेल असेल तर व्हिटिसेला गटातली घ्या. 'एतुआल व्हायोलेट' किंवा 'पोलिश स्पिरिट' घेतलीत, तर फुलं थोडी लहान मिळतील, पण भरपूर येतील आणि माझ्या पहिल्या वेलीला झालेला मर रोग त्यांना सहसा होत नाही. 'जॅकमॅनी'ही भरवशाची, हा गडद जांभळा संकर इंग्लंडमधल्या वोकिंगच्या नर्सरीत १८५८ साली केला गेला. मोंटाना मात्र आठ-दहा मीटर पसरते, ती कुंडीत कोंडू नका.

आता छाटणी. पहिल्या वर्षी, जात कोणतीही असो, हिवाळा सरता सरता वेल जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर, सशक्त डोळ्यांच्या जोडीच्या वर कापा. हात धजावत नाही, माझाही धजावला नव्हता. पण न कापलेली वेल एकाच काठीसारखी वर जाते आणि टोकाला चार फुलं देते. कापली की बुडातून तीन-चार फुटवे येतात.

पुढच्या वर्षांपासून छाटणीचे तीन गट, आणि रोपाच्या चिठ्ठीवर गट बहुधा लिहिलेला असतो. पहिला गट जुन्या फांदीवर लवकर फुलतो, त्याची फुलं ओसरल्यावर गरजेपुरतीच छाटणी करा. दुसऱ्या गटात 'नेली मोझर'सारख्या मोठ्या फुलांच्या जाती. त्यांचा पहिला बहर मागच्या वर्षीच्या फांदीवर येतो, म्हणून हिवाळ्याअखेर वरून खाली येत फक्त वाळलेलं आणि काटकुळं कापा, टपोऱ्या डोळ्यांवर थांबा. तिसरा गट, म्हणजे व्हिटिसेला आणि 'जॅकमॅनी', नव्या फुटीवर फुलतो. दरवर्षी ३० सेंटिमीटरवर सरसकट कापायचा. चिठ्ठी हरवली असेल, तर एक वर्ष न कापता वेल कधी आणि कुठल्या फांदीवर फुलते ते बघा.

छाटताना हातमोजे घालाच. या वेलीच्या रसाने कातडीची आग होते, आणि वेल पोटात जाणंही वाईट, लहान मुलं नि जनावरं असतील तर लक्ष ठेवा.

खताबद्दल थोडक्यात: नत्र (नायट्रोजन) जास्त झालं की नुसती पानं. फूट सुरू झाल्यावर टोमॅटोला देतात तसं पालाश (पोटॅश) जास्त असलेलं पातळ खत दर पंधरा दिवसांनी द्या. कळ्यांना रंग दिसू लागला की थांबा आणि बहर सरला की पुन्हा सुरू करा. कुंडीतली वरची पाच सेंटिमीटर माती दर वसंतात बदला.

वेल अचानक मान टाकते तेव्हा आधी बुडाशी खोड बघा. वाऱ्याने पिळलेलं किंवा गोगलगायीने सोललेलं खोडही अगदी तसंच सुकतं. तसं काही नसेल, माती ओली असेल आणि देठ-शिरा काळ्या पडत असतील, तर बुरशीचा मर. निरोगी भाग लागेपर्यंत, वेळ आली तर जमिनीपर्यंत कापा. कापलेलं कंपोस्टात टाकू नका, कात्री स्पिरिटने पुसा. मग पाणी बेताने देत वाट बघा, कधी कधी एक अख्खा हंगाम.

त्या दोन कोंबांची वेल मी खोल लावली, तिसऱ्या वर्षी ती फुलली. आता तिचं दरवर्षी दाब कलम करते. मागच्या वर्षीची एखादी लवचीक फांदी वाकवायची, एका पेराखालची साल हलकीच खरवडायची आणि ते पेर शेजारच्या कुंडीत तारेच्या चिमट्याने दाबून मातीखाली ठेवायचं. माती वर्षभर ओलसर हवी. पेरातून नवा कोंब वर आला आणि हलकं ओढल्यावर तो घट्ट लागला, की मधली फांदी कापा. कापल्यावर रोप लगेच हलवू नका, तीनेक आठवडे त्याच कुंडीत स्वतःच्या मुळांवर जगू द्या. आणि हलवाल तेव्हा पुन्हा सहा-आठ सेंटिमीटर खोल.