व्यावसायिक वैमानिक व्हायचे असेल तर आधी तपासणी, मग अभ्यास, मग शुल्क

व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, म्हणजे सीपीएल, मिळेपर्यंत कुटुंबाचे कित्येक लाख रुपये खर्च होतात. म्हणून प्रशिक्षणसंस्थेत पहिला हप्ता भरण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी, असे मी प्रत्येक पालकाला आग्रहाने सांगतो. घर तारण ठेवून शुल्क भरले आणि डोळ्यांचा किंवा हृदयाचा दोष त्यानंतर उघडकीस आला, तर ते दुःख सावरणे फार कठीण असते. डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, मान्यता दिलेल्या डॉक्टरांकडे आधी क्लास २, म्हणजे प्राथमिक, आणि त्यानंतर क्लास १, म्हणजे सीपीएलसाठी लागणारी अधिक कसून होणारी तपासणी करावी लागते. चष्मा आहे म्हणून कोणी खचून जाऊ नये, कारण चष्म्याने दृष्टी ठरलेल्या निकषात बसत असेल तर तो चालतो. रंगांधळेपणा मात्र मोठा अडसर ठरू शकतो, आणि त्याची प्राथमिक चाचणी आपल्या गावातल्या नेत्रतज्ज्ञाकडेही होते.

बारावीला भौतिकशास्त्र व गणित हे विषय असावेत, असा आजवरचा नियम आहे. वाणिज्य, कला किंवा जीवशास्त्र घेतलेल्या विद्यार्थ्यांनी राहिलेले विषय राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून उत्तीर्ण व्हावेत. याच काळात दहावीची गुणपत्रिका, आधार आणि पासपोर्ट यांवरील नाव एकसारखे करून घ्यावे. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते आणि पासपोर्टवर क्रम बदलतो, त्यामुळे डीजीसीएचा कॉम्प्युटर नंबर, म्हणजे लेखी परीक्षेसाठी लागणारा नोंदणी क्रमांक, मिळवताना अर्ज अडकू शकतो.

तो क्रमांक मिळाल्यावर नेव्हिगेशन (हवाई मार्ग ठरवणे), हवामानशास्त्र, रेग्युलेशन्स (विमान वाहतुकीचे नियम) आणि टेक्निकल (विमानाची तांत्रिक माहिती) या विषयांच्या लेखी परीक्षा देता येतात. प्रत्येक विषयात ७० टक्के गुण लागतात. रेडिओवर बोलण्याच्या परवान्याची, म्हणजे आरटीआरची, परीक्षा वेगळी असते. शक्य तितके पेपर उड्डाण सुरू होण्यापूर्वीच सोडवावेत, कारण दिवसभर धावपट्टीवर थांबून रात्री नेव्हिगेशनची गणिते करणे फार जड जाते आणि दोन्हीकडे नुकसान होते.

सीपीएलसाठी एकूण २०० तासांचे उड्डाण लागते. त्यापैकी १०० तास विमानाची जबाबदारी एकट्याने सांभाळून करावे लागतात, आणि त्यातच ३०० सागरी मैलांचा एक क्रॉसकंट्री, म्हणजे एका ठिकाणाहून दूरच्या दुसऱ्या ठिकाणी जाण्याचा, प्रवासही येतो. हे तास किती महिन्यांत पूर्ण होतात यावर सारा हिशेब अवलंबून असतो. उत्तर प्रदेशातील फुरसतगंजची इंदिरा गांधी राष्ट्रीय उड्डाण अकादमी देशभर परिचित आहे. महाराष्ट्रात गोंदिया, बारामती आणि धुळे येथे प्रशिक्षण चालते. ज्या बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्ये जे. आर. डी. टाटा उड्डाण शिकले आणि १९२९ साली परवानाधारक झाले, त्या क्लबचे प्रशिक्षण पुढे जुहूहून धुळ्याला गेले. नाव कितीही मोठे असले, तरी प्रवेशापूर्वी दोन दिवस त्या मैदानावर स्वतः जाऊन थांबावे. किती विमाने प्रत्यक्ष उडतात आणि किती हँगरमध्ये दुरुस्तीची वाट पाहत उभी आहेत, हे मोजावे. एका इन्स्ट्रक्टरमागे किती विद्यार्थी आहेत आणि मागच्या तुकडीला २०० तासांसाठी किती काळ लागला, हे शिकणाऱ्या मुलामुलींनाच विचारावे. पावसाळ्यात ढग खाली उतरले की उड्डाणे थांबतात, त्यामुळे जून ते सप्टेंबर हे महिने वेळापत्रकात धरताना हात आखडता ठेवावा. संपूर्ण शुल्क एकरकमी भरू नये. पूर्ण झालेल्या तासांप्रमाणे हप्ते आणि परताव्याची अट लेखी करारात असावी.

परवान्याबरोबर मल्टी-इंजिन रेटिंग, म्हणजे एकाहून अधिक इंजिनांचे विमान चालवण्याची पात्रता, आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे बाहेरचे दिसत नसताना केवळ उपकरणांवरून उडवण्याची पात्रता, करून घ्यावे. एअरबस ए३२० किंवा एटीआरसारख्या विमानाचे टाइप रेटिंग, म्हणजे त्या विशिष्ट प्रकारचे विमान चालवण्याची पात्रता, मात्र, माझ्या मते, नोकरीची खात्री नसताना घेऊ नये; त्याचा खर्च पुन्हा काही लाखांत जातो, आणि ठरावीक काळात त्या विमानावर उड्डाण झाले नाही तर ते चालू ठेवण्यासाठी सिम्युलेटरचा वेगळा खर्च येतो. एअरलाइनच्या भरतीची वाट पाहताना इन्स्ट्रक्टर होण्याचा मार्ग अवश्य विचारात घ्यावा, कारण त्यात उड्डाणाचे तास वाढतात आणि थोडे उत्पन्नही सुरू होते.