फ्रेंच स्पीच-अहवाल इंग्रजीत आणताना या चुका टाळा

नागपुरात फ्रेंच अनुवादाचं काम म्हणजे बहुतेक जन्मदाखले नि मार्कशीट. पण फ्रान्समधून परतलेल्या एखाद्या कुटुंबाच्या फायलीत मुलाचा ‘बिलां ऑर्तोफोनिक’ निघतो, म्हणजे तिकडच्या स्पीच थेरपिस्टने केलेल्या तपासणीचा अहवाल. रामदासपेठेतल्या थेरपिस्टला तो इंग्रजीत हवा असतो, शाळेला ॲडमिशनआधी हवा असतो आणि आईबाबांना उद्या सकाळीच. अवघड शब्द आला की माणूस डिक्शनरी उघडतोच; घोळ होतो तो ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांत.

सगळ्यात महागात पडतो तो ‘दिस्फाझी’. जुन्या फ्रेंच अहवालांत याचा अर्थ मुलाच्या भाषाविकासातली गंभीर, टिकून राहणारी अडचण. इंग्रजीत तसाच ‘डिस्फेझिया’ ठेवला, तर वाचणाऱ्याला पक्षाघातानंतर गेलेली भाषा आठवते. त्यात एक अक्षर चुकून ‘एस’च्या जागी ‘जी’ पडला, की शब्दाचा अर्थ होतो गिळण्याचा त्रास. स्पेलचेक काही बोलत नाही, कारण दोन्ही शब्द खरेच आहेत. २०१७च्या तज्ज्ञ-सहमतीनंतर इंग्रजीत ‘डेव्हलपमेंटल लँग्वेज डिसऑर्डर’ रुळलं, फ्रेंचमध्येही त्याला जुळणारी संज्ञा आली. मग सरळ तीच टाकायची? मी टाकते, पण मूळ शब्द आणि अहवालाचं साल टिपेत देते. जुने निकष नेमके आजचेच होते असं ठरवणं हे अनुवादकाचं काम नाही.

‘रतार द पारोल’ आणि ‘रतार द लांगाज’ या दोन्हींना आपण घरी ‘उशिरा बोलतो’ म्हणू. पहिल्यात शब्दातले आवाज गळतात किंवा बदलतात. दुसऱ्यात शब्दसंपत्ती, वाक्यरचना मागे असते. एकाला ‘स्पीच’, दुसऱ्याला ‘लँग्वेज’. अदलाबदल झाली तर थेरपीचा आराखडाच बदलतो.

आता आकडे. समजा ओळ अशी आहे: ‘देनोमिनासियों २४/३६, −१,८ ईटी’. पहिला शब्द चित्राचं नाव सांगण्याची चाचणी. ‘डिनॉमिनेशन’ लिहिलंत तर नोटा मोजल्यासारखं वाटेल. ‘देसिन्यासियों’मध्ये उलट, मूल ऐकून चित्रावर बोट ठेवतं. ‘ईटी’ म्हणजे एकार-तीप, आपलं प्रमाण विचलन (गुण सरासरीपासून किती दूर, हे मोजायचं एकक), इंग्रजीत ‘एसडी’. स्वल्पविराम हा दशांशचिन्ह आहे, तिथे टिंब द्या. आणि स्वतःच्या हुशारीने त्याचं पर्सेंटाइल करू नका. घंटाकृती वक्र गृहीत धरला तर −१.५ एसडी जवळपास सातव्या पर्सेंटाइलवर येतं खरं, पण भाषेच्या कितीतरी चाचण्यांचे गुण तसे पसरलेले नसतात.

‘अलुएत’ या चाचणीच्या नावाचा शब्दशः अर्थ चंडोल पक्षी, पण अनुवादात ‘चंडोल’ करू नका, चाचण्यांची नावं तशीच ठेवा. लफाव्रे यांनी तयार केलेली ही वाचनचाचणी १९६७ची, २६५ शब्दांचा उतारा, ३ मिनिटं. थेरपिस्ट ती नावानेच शोधणार.

इयत्तांचं काय करायचं? ‘सेपे’ म्हणजे साधारण पहिली, इथपर्यंत ठीक. पुढे कोलेजमध्ये, म्हणजे तिकडच्या माध्यमिक शाळेत, आकडे उतरत जातात. ‘सिझिएम’ नशिबाने आपल्या सहावीशी जुळतं, म्हणून विश्वास बसतो, आणि मग ‘कात्रिएम’ची चौथी होऊन बसते. ती आठवी आहे, बाप्पा! इयत्तेसोबत वय लिहिलंत की शाळेचा गोंधळ होत नाही.

‘एएमओ’ आणि पुढे एखादा आकडा दिसला तर तो गुण नव्हे, तिकडच्या आरोग्यविम्याच्या बिलाचा कोड.

‘आनाम्नेझ’ म्हणजे पूर्वइतिहासाचा भाग कंटाळवाणा म्हणून घाईत उरकला जातो. घरात मराठी बोलतात, फ्रेंच बालवाडीत सुरू झालं, अशी ओळ तिथेच असते. फ्रेंच मुलांच्या सरासरीशी तुलना केलेला −१.८ त्या ओळीशिवाय वाचला, तर मुलावर नको तो शिक्का बसतो. ‘सेव्हेअर’चं जरा ‘माइल्ड’ करून द्या ना ताई, असं पालक कधी म्हणतात. शब्द बदलायचा नाही. ती ओळ ठळक ठेवायची आणि मराठीतूनही तपासणी करून घ्या, असं त्यांना सांगायचं.