जुनी गाडी घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात काय तपासायचं?

सेकंड हँड गाडी दारात उभी राहिली की ती आधी धुवून चकाचक करावीशी वाटते. दोन दिवस थांबा. ऑइलचे ओघळ, कूलंटचे (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे) सुकलेले डाग, मॅटखालचा गाळ हे सगळे पुरावे आहेत आणि एका धुण्यात ते निघून जातात. दिसेल त्याचा फोटो काढा, किलोमीटर आणि तारीख लिहून ठेवा.

१. रात्री गाडी सपाट जागी लावून इंजिनखाली मोठा कोरा पुठ्ठा सरकवा. सकाळी पुठ्ठ्यावर काळपट-तपकिरी चिकट डाग दिसला तर ते इंजिन ऑइल. हिरवट, गुलाबी किंवा नारिंगी पातळ डाग बहुधा कूलंटचा. एसी चालवल्यानंतर पडलेलं नुसतं पाणी असेल तर काळजी नको. मात्र चाकाच्या आतल्या बाजूला तेलकट ओल दिसली, तर ब्रेक ऑइल गळत असण्याची शक्यता आहे. अशी गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, मेकॅनिकला बोलवा.

२. इंजिन पूर्ण थंड असतानाच बॉनेट उघडा. डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) काढून पुसा, पुन्हा घालून बाहेर काढा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. खालच्या खुणेपेक्षा कमी असेल तर भरल्याशिवाय गाडी सुरू करू नका. डिझेल गाडीचं ऑइल लवकर काळं पडतं, त्याने घाबरायचं कारण नाही. घाबरायचं ते दूध घातलेल्या कॉफीसारखा रंग दिसला तर. मग ऑइलमध्ये कूलंट मिसळतंय आणि हेड गॅस्केट (इंजिनच्या दोन भागांमधलं सील) गेलेलं असू शकतं. फक्त ऑइलच्या झाकणाच्या आत थोडा पिवळसर फेस असेल, तर तो थंड हवेत छोट्या फेऱ्या मारल्याने साठलेल्या बाष्पाचाही असतो. त्यामुळे निकाल डिपस्टिक पाहूनच द्या.

कूलंटची पातळीही आत्ताच बघा. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. आतलं उकळतं पाणी दाबाने अंगावर उडतं.

३. आता चावी ‘ऑन’ करा, पण इंजिन सुरू करू नका. चेक इंजिन, एबीएस (ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि एअरबॅगचे दिवे लागले पाहिजेत आणि इंजिन सुरू झाल्यावर थोड्याच वेळात विझले पाहिजेत. एखादा दिवा लागलाच नाही, तर मला ते जास्त संशयास्पद वाटतं, कारण बिघाड लपवण्यासाठी दिवा बंद केलेला असू शकतो. गाडीला ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावून घ्याच. जुने कोड नुकतेच पुसले असतील, तर गाडीच्या स्वतःच्या काही चाचण्या ‘अपूर्ण’ दिसतात.

थंडीत सुरुवातीला थोडी पांढरी वाफ येणं साहजिक आहे. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला तर कूलंट जळत असावं, निळसर असेल तर ऑइल.

४. टायरच्या बाजूवर ‘डॉट’ (DOT) कोडच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे टायर २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनला. टायर एकाच कडेने घासला असेल तर अलाइनमेंट (चाकांचा कोन) किंवा सस्पेन्शन बघायला हवं. मधोमध घासला असेल तर हवा जास्त भरली जात होती.

५. मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू गोल फिरवा. कट-कट आवाज आला तर सीव्ही जॉइंट (चाकाला इंजिनची ताकद पोचवणाऱ्या दांड्याचा सांधा) तपासून घ्या. नंतर सरळ, रिकाम्या रस्त्यावर ब्रेक लावा. गाडी एका बाजूला ओढली जाता कामा नये. तापमानाचा काटा एकदा मध्ये आला की तिथेच राहायला हवा.

६. मॅट उचला, सीटखालच्या पट्ट्या आणि स्टेपनीचा खड्डा बघा. तिथे गाळ, गंज किंवा कुबट वास असेल तर गाडी पाण्यात बुडालेली असू शकते. चासी नंबर (गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला नंबर) कागदपत्रांशी ताडून बघा आणि त्याच नंबरवरून कंपनीच्या साइटवर रिकॉल (दोष दुरुस्त करायला कंपनीने गाड्या परत बोलावणं) आहे का तेही बघा.

इंजिनला टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्हची हालचाल जुळवून ठेवणारा पट्टा) असेल आणि तो बदलल्याची पावती नसेल, तर बदललेला नाही असंच धरा. बऱ्याच इंजिनांत हा बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि दुरुस्तीचा खर्च बेल्टच्या कित्येक पटींनी वाढतो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं, त्याचीही नोंद नसेल तर तेही बदला.

यादी झाली की मेकॅनिककडून गाडी लिफ्टवर चढवून खालूनही बघून घ्या. ब्रेक, टायर आणि स्टिअरिंगची कामं सगळ्यात आधी करा. विक्रेत्याने वॉरंटी दिली असेल, तर मुदत संपण्याआधी फोटोंसह लेखी कळवा.